भूतदयेचा खर्च

माळ घातलेल्या माणसाने गावातली कुत्री हटवण्याच्या ठरावावर सही करावी का? गावाने हा प्रश्न मला विचारला आहे आणि त्याची दोन उत्तरं माझ्याकडून मागितली आहेत. मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, उभी हयात जनावरांना लशी टोचण्यात गेली, म्हणून एक उत्तर. सप्ताहात कीर्तनाला उभा राहतो, म्हणून दुसरं. ही दोन्ही उत्तरं एकच असायला हवीत, असं मला वाटतं. ती एक होत नसतील तर माझ्या कीर्तनात तरी खोट आहे किंवा माझ्या नोकरीत तरी.

आमचं गाव शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या हद्दीजवळ, किन्हवली-सरळगाव रस्त्यापासून थोडं आत. 2025 साली गांधीजयंती आणि दसरा एकाच दिवशी आल्यामुळे ग्रामसभा पुढे गेली. ती झाली तेव्हा विषयपत्रिकेवर शेवटचा विषय होता भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त आणि माळावरचं श्वान निवारा केंद्र. शेवटचा विषय असूनही लोक त्याच्यासाठीच थांबले होते.

माळावर मुंबईच्या एका ताईंनी जागा भाड्याने घेऊन पत्र्याच्या शेड उभ्या केल्या आहेत. गाडीखाली सापडलेली, आंधळी, तीन पायांची, कातडी गेलेली कुत्री त्या सांभाळतात. स्वतःच्या पैशाने. मी आत जाऊन पाहिलं आहे. टाक्यांत पाणी स्वच्छ असतं, जखमांना वेळेवर औषध लागतं. मणका मोडलेल्या कुत्रीला दिवसातून किती वेळा कूस बदलून द्यावी लागते हे त्यांच्या मदतनीस मुलीला तोंडपाठ आहे. ही सेवा खोटी म्हणणाऱ्याशी मी भांडेन.

गावाची तक्रारही खोटी नाही. एक कुत्रं भुंकलं की रात्री सगळी शेड भुंकते आणि खालच्या आळीत म्हाताऱ्यांचा डोळा लागत नाही. पावसात शेडमधलं पाणी उताराने विहिरीकडे येतं. सगळ्यांत मोठा त्रास वेगळाच आहे. इथे कुत्री सांभाळतात ही बातमी शहरात पोचली आणि रात्रीच्या गाड्या सुरू झाल्या. कुणी फाटकाला कुत्रं बांधून जातं, कुणी रस्त्यावरच दार उघडून सोडून देतं. ताई जमेल तेवढी आत घेतात. उरलेली गावात येतात, कोंबड्या धरतात, करडं फाडतात आणि आमच्या जुन्या कुत्र्यांशी मारामाऱ्या करतात. त्यात गळ्यात महागडा पट्टा असलेली, केसाळ, थंड मुलखातल्या जातीची कुत्रीही असतात. वैशाखात ती धापा टाकत मरतात.

भाद्रपदात कातकरी वाडीतल्या एका मुलाच्या पोटरीला चावा बसला. कुठल्या कुत्र्याने घेतला ते कुणी नक्की सांगू शकत नाही. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते, पण ती एका दिवसात संपत नाही. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा जावं लागतं. जखम खोल असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शन. दर खेपेला आईची रोजंदारी बुडते आणि जीपचं भाडं लागतं. दिवाळीनंतर ही माणसं वीटभट्टीवर जातात, तिथून कुठला अठ्ठाविसावा दिवस! ती बाई ग्रामसभेत उभी राहून मला म्हणाली, ‘‘बुवा, किरतनात तुम्ही नामदेवाची गोष्ट सांगता. नामदेवानं कुत्र्याला तूप दिलं, बरं केलं. माझ्या पोराच्या जीपचं भाडं कोणी दिलं?’’

त्यानंतर मी घरी जाऊन आमच्या सगळ्या गोष्टी पुन्हा वाचल्या.

कुत्रा भाकरी घेऊन पळाला तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. भाकरी त्यांची होती, तूपही त्यांचंच. एकनाथांनी काशीहून रामेश्वराला वाहायला आणलेलं गंगाजल वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतलं. ती कावड त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून आणली होती. महाप्रस्थानाच्या शेवटी युधिष्ठिराने कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला, तो त्याला मिळणारा स्वर्ग होता. भावांच्या वाट्यातलं काही त्याने पणाला लावलं नाही. या कथा मी वर्षानुवर्षं सांगत आलो, लोकांचे डोळे ओले होताना पाहिले, आणि त्यांच्यातला हिशेब मात्र एका कातकरी बाईने माझ्यापुढे मांडला. दया करणाऱ्याने तिचा खर्च स्वतःच्या गाठीचा केला, म्हणून ती दया. शेजाऱ्याच्या गाठीचं सोडून दिलं तर त्याला काय म्हणायचं हे संतांनी सांगितलं नाही, कारण त्यांच्या मनात ते आलंच नसणार.

गीतेच्या पाचव्या अध्यायात समदृष्टीचा श्लोक आहे. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा यांच्याकडे ज्ञानी माणूस सारख्या नजरेने पाहतो, हे सगळेच सांगतात. त्याच श्लोकात, कुत्र्याला लागूनच, समाजाने वेशीबाहेर ठेवलेला माणूसही आहे. कुत्र्यापर्यंत येऊन थांबणारी समदृष्टी अर्धीच. सरकारदरबारी कातकरी समाज विशेष असुरक्षित आदिवासी गटात मोजला जातो. जमीन नाही, कुडाच्या घराला कडी नाही, मुलं अंगणात निजतात. चावा बसतो तो बहुधा याच अंगणात. आणि गंमत अशी नाही, खंत अशी आहे की, कुत्र्यावर सगळ्यांत जास्त जीव असलेली माणसंही हीच. शिकारीला, राखणीला कातकऱ्याचं कुत्रं त्याच्या पावलाला पाऊल लावून चालतं. त्या बाईच्या दारातही एक तांबूस कुत्री आहे. ठरावात ‘सर्व कुत्री’ असं लिहिलं तर पिंजऱ्यात पहिली तीच जाईल, कारण ती माणसाळलेली आहे, पळणार नाही.

म्हणून ठरावाचा मसुदा माझ्याकडे आला तेव्हा मी ‘सर्व’वर अडलो.

महाभारतात कुत्र्याची आणखी एक गोष्ट आहे, ती कीर्तनात फारशी येत नाही. आदिपर्वात, अगदी सुरुवातीला, जनमेजयाच्या सत्रात एक पिल्लू येतं आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आपल्या आईकडे, सरमेकडे जातं. सरमा आधी पिल्लालाच विचारते की तुझा काही अपराध झाला असणार, त्याशिवाय का मारलं? ते सांगतं, मी हविर्द्रव्याकडे पाहिलंही नाही, चाटलंही नाही. मग ती सत्रात जाऊन जाब विचारते. कुणाकडे उत्तर नसतं. तेव्हा ती शाप देते की न दिसणारं भय तुमच्यावर येईल. एवढ्या मोठ्या ग्रंथात आरंभी कुत्र्याला विनाकारण मार बसतो आणि शेवटी कुत्रा स्वर्गाच्या दारापर्यंत सोबत करतो.

मला सरमेचा पहिला प्रश्न फार मोलाचा वाटतो. ती आई असून आधी अपराध विचारते. अपराध असता तर शिक्षेवर तिचा आक्षेप नव्हता. तिचा आक्षेप चौकशीशिवाय मारण्यावर होता. ‘एकूणएक कुत्री उचला’ म्हणणारा माझा गाव सरमेला उत्तर देऊ शकत नाही. ‘एकाही कुत्र्याला हात लावू नका’ म्हणणारी शहरातली माणसंही देऊ शकत नाहीत, कारण त्यांनी अपराधाचा प्रश्नच काढून टाकला आहे. आणि न दिसणारं भय म्हटलं की माझ्यासारख्या लस टोचणाऱ्याला दुसरं काय आठवणार! रेबीजचा विषाणू चाव्यानंतर आठवडे, महिने अंगात गप्प असतो. लक्षणं दिसली की उपाय संपले. पाण्याच्या घोटाला घाबरणारा माणूस मी नोकरीत असताना पाहिला आहे. त्याचं वर्णन करणार नाही. ज्याने ते पाहिलं त्याला ‘कुत्रं चावलं तर काय एवढं’ असं कधी म्हणवणार नाही.

कायदा काय म्हणतो तेही ग्रामसभेत सांगावं लागलं. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करणं ही स्थानिक संस्थेची जबाबदारी. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण करून त्याला जिथून उचललं तिथेच सोडायचं. खाऊ घालण्यासाठी जागा ठरवून द्यायच्या, त्या मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि जाण्यायेण्याच्या वाटेपासून दूर. मग सर्वोच्च न्यायालयाचे आदेश एकामागून एक आले. 11 ऑगस्ट 2025 ला दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा असा आदेश झाला. 22 ऑगस्टला मोठ्या खंडपीठाने तो बदलला: नसबंदी आणि लस करून मूळ जागी सोडा, पिसाळलेली आणि अंगावर धावून जाणारी सोडू नका. पुढे 7 नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं इथली कुत्री हलवा आणि तिथे परत सोडू नका, असं सांगितलं.

आदेशांमागची तळमळ मला कळते. पण शस्त्रक्रियेची खोली, पिंजरे, पशुवैद्य, कुत्री धरणारी शिकलेली माणसं हे सगळं कुठल्या ग्रामपंचायतीकडे आहे? आमच्याकडे पाणीपट्टी वसूल होताना मारामार. शहरातून हलवलेल्या कुत्र्यांसाठी निवारे बांधायचे झाले तर जागा कुठे शोधतील, हे सांगायला ज्योतिषी नको. जिथे जमीन स्वस्त आणि माणसांचा आवाज लहान तिथे. तानसा, वैतरणा, भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातली. त्यांचं पाणी मुंबई पिते, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकर लागतो. शहराच्या दयेचा भारही याच रस्त्याने उतरू लागला तर ताईंची चांगली सेवा आणि गावाचा जुना जिव्हाळा दोन्ही त्यात बुडतील. ताईंशी हे बोललो तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘काका, फाटकाला बांधलेलं कुत्रं मी सोडून देऊ का? तुम्हीच सांगा.’’ मी काय सांगणार! मी असतो तर आत घेतलं असतं.

गांधीजींच्या नावाची ग्रामसभा होती म्हणून आमच्या एका निवृत्त गुरुजींनी त्यांचा दाखला काढला. 1926 मध्ये अहमदाबादला गिरणीमालक अंबालाल साराभाईंनी आपल्या आवारातली साठ भटकी कुत्री मारवली आणि मन खात होतं म्हणून ते गांधीजींकडे गेले. गांधीजींनी त्यांना दोष दिला नाही. जीवदयावाल्यांनी पत्रांचा भडिमार केला तेव्हा ‘यंग इंडिया’त त्यांनी लेखांमागून लेख लिहिले. त्यांचं म्हणणं असं की बेवारशी कुत्रं ही समाजाची लाज आहे. त्याच्यापुढे तुकडा टाकून पुण्य घेणं ही दयेची फसगत आहे. ज्याला दया येते त्याने कुत्रं पाळावं, नाहीतर पांजरपोळाला पैसे द्यावेत. हे काहीच करायचं नसेल तर पिसाळण्याची वाट पाहत ठेवण्यापेक्षा मारणं हे कमी पाप.

या म्हणण्याचा पहिला भाग मी मनापासून मानतो. शेवटचा मानत नाही. गांधीजींनी मारणं पत्करलं ते दुसरा मार्ग दिसेना म्हणून. आज मार्ग आहे आणि तो आपल्या शेजारी गोव्यात चालून दाखवलेला आहे. तिथे सरकार आणि ‘मिशन रेबीज’ या संस्थेने मिळून राज्यभर, वाड्यावाड्यांवर, पाळलेली आणि भटकी दोन्ही कुत्री धरून लस टोचली आणि प्रत्येकाची नोंद मोबाइलवर ठेवली. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस असली की रोगाची साखळी तुटते, हा त्यामागचा आधार. 2021 मध्ये गोवा सरकारने राज्य रेबीजमुक्त होत असल्याचं सांगितलं तेव्हा आधीच्या तीन वर्षांत तिथे रेबीजने माणूस दगावला नव्हता. कुत्री न मारता, कुठे न नेता हे झालं. दुसरा मार्ग माहीत असताना मारणं हे आता कमी पाप राहत नाही. आणि मार्ग माहीत असताना काहीच न करता बिस्किटं टाकत राहणं हेही निष्पाप नाही.

मुंबईने हा वाद गांधीजींच्याही आधी पाहिला आहे. 1832 च्या जूनमध्ये इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायला लावली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली, शहर बंद पडलं. त्यांच्या अंत्यविधीत कुत्र्याच्या नजरेला स्थान आहे, म्हणून तो धर्मावरचा घाव होता. मला दंगलीपेक्षा त्यानंतरचं महत्त्वाचं वाटतं. दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय यांनी जैन व्यापाऱ्यांबरोबर मुंबईत पांजरपोळ उभा केला आणि तो चालावा म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर लाग, म्हणजे कर, बसवून घेतला. श्रद्धेच्या पाठीमागे त्यांनी स्वतःची तिजोरी उभी केली. आज मुंबईतून जो ‘कुत्र्यांना हलवू नका’ म्हणतो त्याने हे जरूर वाचावं. जो ‘हलवा’ म्हणतो त्यानेही वाचावं, कारण हलवण्याचाही खर्च असतो आणि तो आज माळावरच्या एका बाईवर आणि खालच्या आळीवर पडतो आहे.

आता गावाचं सांगतो, कारण गाव निर्दोष आहे असं मी ग्रामसभेतही म्हटलं नाही. माझ्या लहानपणी कुत्रं आळीचं असे. तांदळाच्या भाकऱ्या थापताना आई शेवटची लहानशी भाकरी त्याच्या नावाची थापायची. बैलजोडीइतकंच तेही ओळखीचं. आळीत पिल्लं किती जगणार हे आळीच्या उरल्यासुरल्या पेजेवर ठरायचं. आता मुरबाड-शहापूर भागात कोंबड्यांच्या शेड झाल्या, रस्त्याला ढाबे झाले, शेतघरांचे जेवणावळीचे रविवार सुरू झाले. मेलेल्या कोंबड्यांची पोती रात्री ओढ्यात पडतात. ती टाकणारे हात आमचेच आहेत. त्या मांसावर कुत्र्यांच्या झुंडी पोसल्या जातात आणि झुंडीच्या मागावर बिबट्या गावापर्यंत येतो. हे बंद केल्याशिवाय एक कुत्रं हलवलं तर त्या उकिरड्यावर दुसरं येणार. माझ्या नोकरीतला हा अनुभव आहे. ठरावात यावं असं हे पहिलं कलम, आणि त्यावरच सगळ्यांत जास्त आवाज झाला, कारण शेडवाले सभेत बसले होते.

मसुदा मी असा बदलून दिला आहे. मेलेली कोंबडी खड्ड्यात चुना घालून पुरायची, ओढ्यात टाकणाऱ्याला दंड. माळावरच्या केंद्राने कुत्र्यांची नोंदवही ग्रामपंचायतीत दाखवायची, सांडपाण्याला शोषखड्डा करायचा, आणि फाटकाशी कुत्रं सोडणाऱ्या गाडीचा नंबर टिपला गेला तर फिर्याद गावाने द्यायची, ताईंनी एकटीने नाही. चावणाऱ्या कुत्र्याला वेगळं ठेवून त्यावर लक्ष ठेवायला ताईंनी दोन पिंजरे द्यायचे. त्या कबूल झाल्या. शहापूर-मुरबाडला मिळून नसबंदीचं एक केंद्र जिल्ह्याने उभारावं आणि त्याचा मोठा वाटा आमचं पाणी पिणाऱ्या महानगरांनी उचलावा, अशी मागणी. चावा बसलेल्याच्या चारही खेपांचं भाडं गावनिधीतून. ‘सर्व कुत्री हटवा’ हे वाक्य मी काढून टाकलं आहे आणि ते परत घातलं तर त्याखाली माझी सही नसेल, हे सरपंचांना सांगितलं आहे. काही तरुण माझ्यावर नाराज आहेत. त्यांच्यातल्या एकाची करडं मेली आहेत, त्याची नाराजी मी समजून घेतो.

राहिली लस. गावातल्या आणि वाडीतल्या सगळ्या कुत्र्यांना एकदम टोचायची तर पौषात, म्हसाच्या यात्रेआधी टोचली पाहिजे, कारण यात्रेत जनावरांबरोबर माणसं आणि कुत्री सगळीकडून येतात. धरायला कातकरी वाडीतली मुलं येणार आहेत. कुत्र्याला न दुखावता धरण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. टोचायला मी आणि माझ्याबरोबर निवृत्त झालेला एक जोडीदार, दवाखान्याच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. लशीचे पैसे मी सप्ताहाच्या वर्गणीतून मागितले. आमच्या सप्ताहात सात दिवस पंगती उठतात, काल्याच्या दिवशी तर पंचक्रोशी जेवते. एका दिवसाच्या पंगतीत बुंदी नको, डाळ-भात करू आणि उरलेले पैसे लशीला देऊ, एवढंच माझं म्हणणं.

आमचे जुने विणेकरी यावर फार दुखावले. ‘‘देवाच्या नावाने गोळा केलेला पैसा कुत्र्याच्या सुईला? वर्गणी देणाऱ्याने अन्नदानाला दिली आहे,’’ असं त्यांचं म्हणणं. त्यांचा मुद्दा हलका नाही. दुसऱ्याने ज्या कामाला दिलं ते त्याच कामाला लागलं पाहिजे, नाहीतर मीही परक्याच्या गाठीची दया करणारा ठरेन. म्हणून वर्गणीच्या पावत्या फाडायला निघण्याआधी प्रत्येक घरी विचारायचं ठरवलं आहे की, यातले काही रुपये लशीला चालतील का? जे नाही म्हणतील त्यांचे पंगतीला. वाडीतही जाणार आहे. त्या बाईने काल निरोप पाठवला की तिच्या कुत्रीचं नाव यादीत पहिलं लिहा, पैसे भट्टीवरून आल्यावर देते.